गुडघ्याची गादी पुन्हा तयार करता येते का?

गेल्या पंधरवड्यात एका वाचकांचे पत्र आले. ते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या पत्नीचे वय ६१. पाच-सहा वर्षांपासून त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो, खाली बसले तर कोणीतरी हात दिल्याशिवाय उठता येत नाही, आणि अलीकडे रात्री कूस बदलतानाही कळ येते. एक्स-रे पाहून दोन डॉक्टरांनी सांधा बदलण्याचा सल्ला दिला. शस्त्रक्रियेच्या नावाने घरात सगळेच घाबरलेले असताना पुण्याच्या मुलाने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. शरीरातील पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, गुडघ्यात सोडायच्या, की नवी गादी तयार होते आणि सांधा बदलण्याची वेळच येत नाही, असे त्या चित्रफितीत सांगितले आहे. पत्राच्या शेवटी गुरुजींनी विचारले आहे, "खर्च बराच आहे. परंतु गावाबाहेरचा एक प्लॉट विकला तर जमेल. करावे का?"

गुरुजींना मी स्वतंत्रपणे उत्तर पाठवले आहे. पण हाच प्रश्न वर्षभरात निरनिराळ्या माणसांनी मला विचारला. कोणी वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कात्रण घेऊन येतो, कोणी एखाद्या शिबिराची पत्रिका दाखवतो. म्हणून आज हा विषय थोडा सविस्तर पाहू. उत्तर आधीच सांगून टाकतो. हा उपचार खोटा नाही. १९८७ पासून तो माणसांवर केला जात आहे आणि योग्य रुग्णाला त्याचा चांगला उपयोग होतो. पण गुरुजींच्या पत्नी त्या योग्य रुग्णांपैकी नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी आधी ही गादी म्हणजे नेमके काय ते पाहावे लागेल.

गादी म्हणजे कूर्चा

आपण बोलताना ज्याला गादी म्हणतो, त्या नावाखाली गुडघ्यात दोन वेगळ्या वस्तू येतात. एक म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये बसलेल्या अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन चकत्या. खेळाडूंची "गादी फाटली" असे म्हणतात ती बहुधा ही चकती असते. दुसरी म्हणजे हाडांच्या टोकांवर घट्ट चिकटलेला पांढरा, गुळगुळीत थर. त्याला कूर्चा म्हणतात. आजचा लेख या कूर्चेविषयी आहे.

मटण खाणाऱ्या वाचकांनी नळीच्या टोकावर निळसर पांढरी, चकचकीत टोपी पाहिली असेल. तीच कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात ती साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड असते, वाटीच्या मागे त्याहून थोडी जास्त. एवढ्याशा थरावर आपण आयुष्यभर चालतो, जिने चढतो, डोक्यावर ओझे घेतो. नदीच्या घाटावरची शेवाळलेली पायरीही तिच्यापुढे खरबरीत वाटावी, इतकी ती निसरडी असते.

तिच्यात दोन-तृतीयांशापेक्षा जास्त पाणीच असते. हे पाणी धरून ठेवणारी द्रव्ये आणि त्यांना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे तंतू, असा तिचा सांगाडा आहे. पाऊल टेकले की दाबाने थोडे पाणी बाहेर येते, पाऊल उचलले की ते पुन्हा आत शोषले जाते. या ये-जा करणाऱ्या पाण्याबरोबरच तिला अन्न मिळते. कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, एकही नाही! सांध्यात जे वंगण असते त्यातून झिरपून येईल तेवढ्यावर तिने जगायचे. म्हणून हालचाल हेच सांध्याचे जेवण आहे, असे मी रुग्णांना सांगतो. गुडघा दुखतो म्हणून खाटेवर पडून राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

कूर्चेत मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे तिला इजा होते तेव्हा तिला स्वतःला दुखत नाही. दुखते ते खालच्या हाडाला आणि सांध्याच्या अस्तराला, तेही उशिरा. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते, त्याचे एक कारण हे आहे.

जखम का भरत नाही?

हात कापला तर आठ दिवसांत जखम भरते. हाड मोडले तर दोन-तीन महिन्यांत जुळते. कूर्चेचे तसे नाही. लंडनचे प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते की, कूर्चा एकदा नष्ट झाली की ती परत येत नाही. त्यानंतर अडीचशे वर्षे वैद्यकशास्त्राला या वाक्यापुढे फारसे जाता आले नाही.

कारण सोपे आहे. जखम भरायची तर रक्त लागते. रक्त येते, गुठळी होते, तिच्यात दुरुस्ती करणाऱ्या पेशी शिरतात आणि कामाला लागतात. कूर्चेत रक्तच नाही, तर दुरुस्तीचे मजूर येणार कुठून? तिच्या स्वतःच्या पेशी आहेत, पण त्या फार थोड्या. एकूण आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. आणि प्रत्येक पेशी आपापल्या घट्ट कोठडीत बंद. शेजारी खड्डा पडला तरी तिला उठून तिकडे जाता येत नाही.

म्हणून शल्यतज्ज्ञांनी एक युक्ती केली. कूर्चेच्या खालच्या हाडात भरपूर रक्त असते. मग खड्ड्याच्या तळाशी हाडालाच बारीक भोके पाडली तर? ब्रिस्टलचे डॉ. प्रायडी यांनी १९५९ मध्ये अशी पद्धत मांडली. पुढे अमेरिकेत डॉ. स्टेडमन यांनी ती दुर्बिणीतून, टोच्यासारख्या हत्याराने करण्याची पद्धत रूढ केली. भोकांतून रक्त व अस्थिमज्जा वर येते, खड्ड्यात गुठळी बसते आणि काही महिन्यांत तिथे नवा थर तयार होतो. ही शस्त्रक्रिया आजही केली जाते. लहान खड्ड्यांना ती बरी आणि तुलनेने स्वस्त आहे.

पण तयार होणारा थर मूळ कूर्चेचा नसतो. तो व्रणासारखा, तंतुमय असतो. कोलॅजेनची जातही वेगळी. डांबरी रस्त्याचा खड्डा मुरुमाने भरावा तसे हे आहे. गाडी जाते, पण मुरूम किती पावसाळे टिकेल हा प्रश्न उरतोच.

गोटेन्बर्गमध्ये काय केले?

स्वीडनमध्ये गोटेन्बर्ग नावाचे बंदराचे शहर आहे. तेथील अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. लार्स पीटरसन खेळाडूंच्या गुडघ्यांवर उपचार करीत. त्यांनी उलटा विचार केला. कूर्चेच्या पेशी जागच्या हलत नाहीत ना, मग आपणच त्या बाहेर काढू, बाहेर वाढवू आणि खड्ड्यात नेऊन ठेवू. आधी न्यूयॉर्कमध्ये सशांवर प्रयोग झाले. मग गोटेन्बर्गमध्ये डॉ. पीटरसन, पेशी वाढवण्याची बाजू सांभाळणारे डॉ. अँडर्स लिंडाल आणि डॉ. मॅट्स ब्रिटबर्ग यांनी मिळून १९८७ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला.

आपल्याकडे कांद्याचे रोप कसे करतात ते आठवा. आधी छोट्या वाफ्यात बी टाकायचे, रोप वाढवायचे आणि मग ते उपटून मोठ्या वावरात लावायचे. नेमके तेच येथे आहे.

पहिल्या टप्प्यात दुर्बिणीतून गुडघा पाहतात. खड्डा केवढा आहे, कडा चांगल्या आहेत का, समोरची कूर्चा शाबूत आहे का, हे तपासतात. त्याच वेळी गुडघ्याच्या ज्या भागावर वजन फारसे येत नाही तिथून कूर्चेचा दोन-तीन तांदळाच्या दाण्यांएवढा तुकडा काढतात. वजन म्हणाल तर दोनशे-तीनशे मिलिग्रॅम. हा तुकडा प्रयोगशाळेत जातो. तिथे विकरांच्या साहाय्याने त्यातील तंतू विरघळवतात आणि पेशी मोकळ्या करतात. मोकळ्या झालेल्या पेशी पोषक द्रवात ठेवल्या की त्या दुभंगू लागतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. तीन ते सहा आठवड्यांत त्यांची संख्या एक कोटीच्या आसपास जाते.

येथे एक गंमत आहे. सपाट भांड्याच्या तळाशी पसरून वाढताना या पेशी आपला मूळ धंदा विसरतात. कोठडीत असताना गोल होत्या, त्या आता लांबट होतात आणि कूर्चेच्या कोलॅजेनऐवजी साध्या व्रणाचे कोलॅजेन बनवू लागतात. शहरात गेलेला सुतार रिक्षा चालवू लागावा तसे! सगळा खटाटोप येथेच फसला असता. पण १९८२ मध्ये असे दिसून आले की, याच पेशींना मऊ जेलीसारख्या पदार्थात चहूबाजूंनी वेढून ठेवले की त्या पुन्हा गोल होतात आणि पुन्हा कूर्चेचे द्रव्य बनवू लागतात. विसरलेला धंदा त्यांना आठवतो. म्हणून खड्ड्यात पेशी नुसत्या ओतून चालत नाही. त्यांना धरून ठेवणारे घर द्यावे लागते.

दुसऱ्या टप्प्यात गुडघा उघडून शस्त्रक्रिया करतात. खड्ड्याच्या फाटक्या कडा खरवडून चांगल्या कूर्चेपर्यंत येतात. मात्र तळाच्या हाडातून रक्त येणार नाही याची काळजी घेतात, म्हणजे आधी सांगितलेल्या पद्धतीच्या बरोबर उलट. स्वीडनच्या डॉक्टरांनी नडगीच्या हाडावरचे पातळ आवरण सोलून त्याचे ठिगळ केले, अतिशय बारीक टाक्यांनी ते खड्ड्यावर शिवले आणि त्याच्या खाली सुईने पेशी सोडल्या. या ठिगळाचा एक त्रास होता. ते काही जणांत जाड होऊन गुडघ्यात अडकू लागे आणि पुन्हा दुर्बीण घालून छाटावे लागे. म्हणून पुढे त्याऐवजी प्राण्यांच्या कोलॅजेनचा पडदा वापरू लागले. आता पेशी त्या पडद्यातच वाढवतात आणि पडदा खड्ड्याच्या मापाने कापून चिकटवतात. पेशी चिकट जेलमध्ये मिसळून खड्ड्यात भरण्याचीही एक पद्धत आहे.

नंतरचे काम रुग्णाचे. सहा ते आठ आठवडे कुबड्या. गुडघा वाकवण्याचा व्यायाम मात्र जवळजवळ लगेच सुरू होतो, कारण हालचाल हेच सांध्याचे जेवण. नवा थर सुरुवातीला अगदी मऊ असतो. स्वीडनमध्ये तीन महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा तो शेजारच्या कूर्चेच्या पातळीत आलेला होता, पण सळईने दाबला तर स्पंजासारखा दबत होता आणि त्याच्या कडा ओळखू येत होत्या. पुढच्या तपासणीत बऱ्याच जणांत तो घट्ट झालेला आढळला. पूर्ण पक्व व्हायला वर्ष ते दोन वर्षे लागतात. पळापळीचे खेळ वर्षभर विसरायचे. ज्याला हे जमणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये, कारण घाईने सगळी लावणी उपटली जाते.

फायदा किती झाला?

पहिल्या २३ रुग्णांचा अहवाल १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन" या ख्यातनाम नियतकालिकात आला. रुग्ण १४ ते ४८ वयाचे होते. त्यांपैकी १६ जणांचा खड्डा मांडीच्या हाडाच्या टोकावर होता. त्यातील १४ जणांना चांगला किंवा उत्तम गुण आला. सात जणांचा खड्डा वाटीच्या मागे होता. त्यात दोघांनाच असा गुण आला. म्हणजे एकच उपचार, तेच डॉक्टर, पण खड्ड्याची जागा बदलली आणि निकाल उलटला! वाटी जर मुळातच तिरकी सरकत असेल तर ती नव्या रोपालाही तसेच घासून काढते. पुढे वाटीची चाल आधी सरळ करून मग पेशी लावू लागले, तेव्हा त्या जागेचेही निकाल सुधारले.

डॉ. पीटरसन यांच्या रुग्णांचा दहा ते वीस वर्षांनंतरचा हिशेब २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ३४१ जणांना विचारणा केली, २२४ जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ७४ टक्के लोकांनी आपला गुडघा पूर्वीपेक्षा चांगला किंवा तसाच असल्याचे कळवले, आणि ९२ टक्के लोक पुन्हा वेळ आली तर हीच शस्त्रक्रिया करून घेऊ म्हणाले. आकडे चांगले आहेत. फक्त ज्या शंभराहून अधिक लोकांनी उत्तर दिले नाही त्यांचे गुडघे कसे होते, हा प्रश्न मनात ठेवूनच ते वाचावेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेजारच्या नॉर्वेमध्ये ८० रुग्ण घेऊन त्यांची दोन गटांत विभागणी केली. चाळीस जणांना पेशी लावल्या, चाळीस जणांना हाडाला भोके पाडण्याची साधी शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, तुलना केली तर फारसा फरक नव्हता. पाच वर्षांनीही दोन्ही गटांत नऊ-नऊ जणांची शस्त्रक्रिया अपयशी ठरली होती. ज्यांना वाटते की महाग ते चांगलेच, त्यांनी नॉर्वेचा हा अभ्यास विसरू नये. याउलट मोठ्या खड्ड्यांवर, म्हणजे तीन चौरस सेंटिमीटर व त्याहून मोठ्या, पडद्यात वाढवलेल्या पेशींचा १४४ रुग्णांवर अभ्यास झाला. त्याचे निकाल २०१४ मध्ये आले. त्यात दोन वर्षांनंतर पेशी लावलेल्या रुग्णांच्या वेदना व हालचाल भोके पाडलेल्यांपेक्षा अधिक सुधारलेल्या होत्या.

या सगळ्याचा माझ्या मते व्यवहारी अर्थ असा की, खड्डा लहान असेल तर साधी शस्त्रक्रिया करून पाहावी, मोठा असेल तर पेशींचा विचार करावा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेनेही २०१७ मध्ये दोन चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्ड्यांसाठी, सांध्याची झीज अगदी किरकोळ असेल तरच, हा उपचार मान्य केला. अमेरिकेत पहिली मान्यता १९९७ मध्ये मिळाली होती. आपल्या देशात २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांनी मुंबईच्या एका कंपनीला रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून देण्यास परवानगी दिली, त्यामुळे त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण उरलेले नाही. खर्च मात्र लाखांच्या घरात जातो.

कोणाला उपयोगी?

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळणारा एक तरुण आला. वय २३. पकडीत पडला, गुडघा मुरगळला, सूज उतरली पण वर्ष झाले तरी पायऱ्या उतरताना कळ येई आणि मध्येच गुडघा अडके. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या आतल्या टोकावर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा लहान खड्डा दिसला. बाकी सांधा नव्यासारखा. अस्थिबंध शाबूत, चकत्या शाबूत, पाय सरळ, वजन ६४ किलो. अशा रुग्णासाठीच हा उपचार आहे. मी स्वतः ही शस्त्रक्रिया करीत नाही. ज्यांना तिचा सराव आहे अशा मुंबईच्या डॉक्टरांकडे मी त्याला पाठवले.

दोन शस्त्रक्रिया, सात आठवडे कुबड्या, आठ महिने व्यायाम. मधल्या काळात तो दोनदा माझ्याकडे येऊन वैतागून गेला. आज तो मांडी घालून जेवायला बसतो, दुकानात दिवसभर उभा राहतो, सायकल चालवतो. कबड्डी मात्र त्याने सोडली. डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, पण त्याचा स्वतःचाच धीर झाला नाही. मी त्याला आग्रह केला नाही.

आता गुरुजींच्या पत्नींचा एक्स-रे पाहा. त्यांच्या गुडघ्यात खड्डा नाही. तिथे रस्ताच उखडला आहे. आतल्या बाजूची कूर्चा वर आणि खाली, दोन्ही हाडांवरून गेली आहे. हाडाला हाड टेकले आहे. कडांना हाडाची टोके वाढली आहेत आणि पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला आहे. अशा सांध्याचे वंगणही बदललेले असते. त्यात कूर्चा विरघळवणारी द्रव्ये तयार होत असतात. पेशींना कडेने धरायला चांगली कूर्चा नाही, वरून घासणारे उघडे हाड, आणि पाय वाकल्यामुळे सगळा भार त्याच जागी. चोपण जमिनीत कितीही चांगले रोप लावले तरी जे होते, तेच येथे होणार. आमवातासारख्या आजाराने सुजलेल्या सांध्यालाही हा उपचार चालत नाही.

नावे ओळखायला शिका

सगळ्यात जास्त फसवणूक नावांमुळे होते. "पेशी" हा शब्द कोणत्याही उपचाराला चिकटवता येतो.

मागच्या हिवाळ्यात आपल्याच भागात एका लॉजच्या सभागृहात गुडघेदुखीचे शिबिर झाले. दंडातून रक्त काढले, यंत्रात फिरवले आणि अर्ध्या तासात त्याचा पिवळा भाग गुडघ्यात टोचला. पैसे घेतले आणि सांगितले, पेशींनी नवी गादी तयार होईल. हे पीआरपी नावाचे इंजेक्शन आहे. त्यात रक्तातील बिंबाणू असतात, कूर्चेच्या पेशी नसतात. काही रुग्णांना काही महिने बरे वाटते, हे मी पाहिले आहे. पण ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्यांना पीआरपी आणि अर्ध्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले होते. वर्षाने पाहिले तर वेदनेत म्हणण्यासारखा फरक नव्हता आणि कूर्चेतही नव्हता.

ओळखण्याची खूण साधी आहे. तुमच्या स्वतःच्या कूर्चेच्या पेशी वाढवायला काही आठवडे लागतात आणि तुकडा काढण्यासाठी आधी एक शस्त्रक्रिया लागते. सकाळी रक्त काढून दुपारी "तुमच्याच पेशींनी गादी तयार केली" असे कोणी म्हणत असेल, तर ते या लेखातील उपचाराविषयी बोलत नाहीत.

दुसरा शब्द "स्टेम सेल", म्हणजे मूळपेशी. अस्थिमज्जेतील किंवा चरबीतील या पेशींपासून कूर्चा बनवता येईल, अशी आशा आहे आणि जगभर त्यावर काम चालू आहे. कोरियात नाळेच्या रक्तातील मूळपेशींचे एक औषध २०१२ मध्ये मान्य झाले. आपल्याकडे बंगळूरच्या एका कंपनीच्या, दुसऱ्या निरोगी माणसांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींच्या इंजेक्शनाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या मध्यम झिजेसाठी परवानगी मिळाली. त्याने वेदना कमी होतात व हालचाल सुधारते असे अभ्यासात दिसले. नवी गादी उगवली असे त्यातून सिद्ध झालेले नाही, आणि हाडाला हाड लागलेल्या शेवटच्या टप्प्यासाठी ते नाही. अशी मान्यता नसलेले, दवाखान्यातल्या दवाखान्यात तयार करून टोचलेले मूळपेशींचे उपचार मात्र वेगळे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करू नयेत असे स्पष्ट बजावले आहे. चाचणीत भाग घेतलात तर त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. कोणी "ही चाचणी आहे" म्हणून लाख-दीड लाख मागत असेल तर उठून घरी यावे.

गुरुजींना काय कळवले?

प्लॉट विकू नका, हे पहिले. दुसरे म्हणजे वजन. वहिनींचे वजन ७८ किलो आहे. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. सहा किलो उतरले तरी दिवसभराच्या चालण्यात केवढा फरक पडेल, याचा हिशेब गुरुजी माझ्यापेक्षा चांगला करतील. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम रोज दोन वेळा. घरात कमोड बसवून घ्यावा, देवपूजेला पाटाऐवजी खुर्ची घ्यावी. देवाची त्याला हरकत नसते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक लोक ती चुकीच्या हातात धरतात.

एवढे करूनही तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही आणि रात्रीची झोप मोडतच राहिली, तर सांधा बदलणे हाच खरा उपचार आहे. त्यात भिण्यासारखे पूर्वीइतके काही राहिलेले नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे तो खर्चही पूर्वीपेक्षा उतरला. चित्रफितीतल्या उपचाराची वाट पाहत दोन-तीन वर्षे खाटेवर काढली तर स्नायू वाळतात, पाय आणखी वाकतो आणि मग तीच शस्त्रक्रिया अवघड होते. असे झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आणखी एक. गुरुजींनी पाठवलेला एक्स-रे झोपवून काढलेला आहे. गुडघ्यात किती जागा उरली आहे ते अंगाचा भार पडल्यावरच कळते. पुढच्या वेळी येताना दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे उभे राहून काढून आणावा.